टास्क बोर्ड स्वतः बनवतोय, कार्डांच्या क्रमावर अडकलोय

रिकामा_कंस

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमची ११ जणांची टीम. ७ डेव्हलपर, २ टेस्टर, १ डिझायनर, १ प्रॉडक्टवाली. सध्या जे टूल वापरतो त्यात साधं "लॉगिनचं बटण दबत नाहीये" एवढं टाकायचं तरी १४ फील्ड भरावी लागतात, त्यातली ६ कशासाठी आहेत ते कोणालाच ठाऊक नाही, ज्याने लावली तो कधीच सोडून गेला. मग होतं काय, लोक कार्डच टाकत नाहीत, चॅटमधे लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ते शंभर मेसेजच्या खाली गाडलं जातं. म्हणून गेले दोन महिने शनिवार-रविवार बसून स्वतःचाच बोर्ड बनवतोय. कॉलम, कार्ड, ड्रॅग करून इकडून तिकडे, बास. माझ्या लॅपटॉपवर मख्खन चालत होतं.

मागच्या आठवड्यात टीमला वापरायला दिलं आणि पहिल्याच प्लॅनिंगला फजिती झाली. दोघांनी एकाच वेळी बॅकलॉगमधे (अजून हातात न घेतलेल्या कामांच्या यादीत) कार्डं हलवली, एकाचं कार्ड टुणकन जागेवर परत, दुसऱ्याच्या स्क्रीनवर वेगळाच क्रम, आणि सर्व्हरच्या लॉगमधे "डेडलॉक डिटेक्टेड". सगळे माझ्याकडे बघतायत.

आत्ताची रचना अशी: पोस्टग्रेस डेटाबेस, एक टास्क टेबल, त्यात स्टेटस नावाचा टेक्स्ट कॉलम ("टू डू", "चालू", "रिव्ह्यू", "डन") आणि पोझिशन नावाचा पूर्णांक १, २, ३, ४ असा. कार्ड वर टाकलं की त्याच्या खालच्या सगळ्या कार्डांची पोझिशन एकने वाढवतो. बॅकलॉगमधे १८० कार्डं आहेत.

विचारायचंय ते असं की क्रम साठवायची बरी पद्धत कोणती, आणि दुसऱ्याने हलवलेलं कार्ड माझ्या स्क्रीनवर लगेच दिसायला वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी लाइन) लागेलच का. आणि कॉलम कोणते ठेवावेत यावर टीममधे रोज भांडण आहे, तेही कोणी मिटवलं तर उपकार होतील.

---

जुनं_खोड

बनवू नकोस. हे पहिलं आणि शेवटचं उत्तर, पण ऐकणार नाहीस माहितीये कारण मीही ऐकलं नव्हतं.

टास्क बोर्ड दिसायला फार सोपा प्रकार आहे म्हणून प्रत्येकाला एकदा तरी बनवावासा वाटतो. पहिला आठवडा ड्रॅग-ड्रॉपमधे मजेत जातो. मग कोणीतरी म्हणतं कॉमेंटमधे नाव टाकलं की मेल यायला हवा. मग सर्च. मग "मागच्या महिन्यातलं बंद झालेलं कार्ड कुठे दिसेल". तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी अटॅचमेंट मागतं, स्क्रीनशॉट चिकटवायचाय म्हणून, आणि तिथे तुझे शनिवार-रविवार कायमचे गेले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. जिरा, हेच काम करणारं मोठं टूल, २००२ पासून बनतंय आणि अजून संपलेलं नाही, यावरून काय ते समज.

कॅनबोर्ड, वेकॅन, तायगा, ओपनप्रोजेक्ट, ही सगळी ओपन सोर्स आहेत, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतात, कॅनबोर्ड तर एसक्यूलाइटवरही चालतं. एक संध्याकाळ लागेल. आणि तुमचा मूळ त्रास १४ फील्डचा आहे, तर आधी जो कोणी त्या टूलचा अॅडमिन आहे त्याला गाठून ती फील्ड ऐच्छिक करून घेता येतात का ते बघ. फुकट काम होईल.

---

रिकामा_कंस

अॅडमिनला विचारून झालंय, तो म्हणतो ती फील्ड दुसऱ्या डिपार्टमेंटच्या रिपोर्टला लागतात. विषय संपला.

तुम्ही सांगितलेल्यांपैकी एक लावून बघितलं होतं, वाईट नाहीये, पण खरं सांगू का, मला शिकायचंही आहे. चार वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधे बग शोधतोय, एखादी गोष्ट पहिल्यापासून आपली असावी असं वाटतं. आणि टीमला आवडलंय हो, डेडलॉक सोडून.

---

इंडेक्स_लावा

शिकायचंय म्हणतोस तर मग बस, सांगतो. क्रमाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे आणि यात मी स्वतः दोनदा तोंडावर आपटलोय.

डेडलॉक का येतो ते आधी. तू एक कार्ड वर टाकलंस, डेटाबेस १८० रो ला, म्हणजे टेबलातल्या ओळींना, हात लावतो. त्याच वेळी दुसऱ्याने एक खाली नेलं, तोही त्यातल्याच शंभरेक रो धरतो, पण वेगळ्या क्रमाने. तुझ्याकडे त्याला हवी ती रो, त्याच्याकडे तुला हवी ती, दोघंही सोडत नाहीत. पोस्टग्रेस मुळात एक सेकंद वाट बघतो, मग तपासतो आणि एकाला मारतो. तेच ते टुणकन परत गेलेलं कार्ड. म्हणजे एका कार्डाच्या हालचालीला एकच रो बदलली पाहिजे, हे एकदा पक्कं केलं की पुढचं सगळं त्यातून निघतं.

सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे मधे जागा सोडणं. १०००, २०००, ३०००. दोघांच्या मधे टाकायचं तर १५००. छान वाटतं, पण १००० चं अंतर नऊ वेळा अर्धं केलं की संपलं, करून बघ, ५००, २५०, १२५, ६२, ३१, १५, ७, ३, १. आणि लोक नेमके एकाच ठिकाणी टाकतात. आमच्याकडे सगळ्यात वर "रिलीजचे नियम" असं एक कार्ड कायम असायचं आणि तातडीचं जे येईल ते त्याच्या लगेच खाली. नऊ तातडीची कामं यायला किती वेळ लागतो, एक दुपार.

मग म्हटलं दशांश वापरू, दोन संख्यांच्या मधे कायम एक संख्या असतेच की. गणितात असते, कंप्युटरमधे नसते. डबल प्रिसिजनमधे (कंप्युटरची दशांश साठवायची नेहमीची पद्धत) १ आणि २ च्या मधे सारखं १ च्या बाजूला अर्धं करत गेलास तर ५२ वेळा जमतं, ५३ व्या वेळी नवी संख्या आणि १ यांच्यात फरकच उरत नाही. एरर येत नाही हे जास्त वाईट. दोन कार्डांची पोझिशन सारखी होते आणि पान रिफ्रेश केलं की कधी हे वर, कधी ते.

मी आता अक्षरांची किल्ली वापरतो. डिक्शनरीसारखं समज. "कर" आणि "करवत" या दोन शब्दांच्या मधे "करडी" बसते, कोणाचंही पान हलवावं लागत नाही. जागा कमी पडली तर शब्द लांबवायचा, तो कितीही लांबतो. कोणी याला फ्रॅक्शनल इंडेक्सिंग म्हणतं, जिरामधे याच जातीची पद्धत लेक्सोरँक नावाने आहे. तयार लायब्ररी मिळतात, स्वतः लिहायची हौस असेल तर लिही, पन्नास-साठ ओळींचं काम आहे. किल्ल्या फार लांबल्या की रात्री एकदा अख्ख्या कॉलमला नव्या आखूड किल्ल्या वाटून टाकायच्या.

आता माझं दुसऱ्यांदा आपटणं. किल्लीत मी कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही रोमन अक्षरं वापरली होती, आकड्यांसकट ६२ चिन्हं. ब्राउझरमधे क्रम बरोबर, सर्व्हरवरून आला की वेगळा. दोन दिवस ड्रॅगचं कोड उलटंपालटं केलं. शेवटी कळलं की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट अक्षरांच्या कोडनुसार लावते, म्हणजे आधी सगळी कॅपिटल मग सगळी स्मॉल, आणि डेटाबेस मात्र भाषेच्या नियमाने लावत होता, ज्यात कॅपिटल आणि स्मॉल शेजारी-शेजारी येतात. त्या एका कॉलमला "सी" कोलेशन, म्हणजे कोडनुसार क्रम लावायचा नियम, लावलं आणि दोन दिवसांचं दुखणं एका ओळीत गेलं. हे लिहून भिंतीवर चिकटव.

अजून एक. ब्राउझरने सर्व्हरला पोझिशन पाठवायचीच नाही. "हे कार्ड त्या कार्डाच्या खाली ठेव" एवढंच पाठवायचं, किल्ली सर्व्हर काढेल. कारण तुझ्या स्क्रीनवर जो शेजारी दिसतोय तो एव्हाना कोणीतरी दुसऱ्या कॉलममधे नेलेला असू शकतो. तसं झालं तर कॉलमच्या शेवटी टाक आणि वापरणाऱ्याला सांग. दोघांनी एकाच फटीत एकाच क्षणी टाकलं तर किल्ली सारखी येऊ शकते, म्हणून बोर्ड, कॉलम आणि किल्ली मिळून युनिक इंडेक्स (तेच पुन्हा घेणार नाही असा नियम) लाव आणि आपटलं की सर्व्हरनेच परत प्रयत्न करावा.

हो, आणि स्टेटस टेक्स्टमधे ठेवू नकोस रे बाबा. कॉलमचं वेगळं टेबल कर आणि कार्डात त्याचा आयडी. उद्या कोणीतरी "चालू" चं "डेव्हलपमेंट" करेल आणि तुझे सगळे जुने रिपोर्ट मुके होतील.

---

रिओपन_करते

मी टेस्टर आहे, किल्ल्याबिल्ल्यातलं मला कळत नाही, पण कॉलमवरून भांडण म्हटल्यावर राहवलं नाही.

तुमच्या यादीत टेस्टिंगचा कॉलमच नाहीये हे कोणाच्या लक्षात आलं का? रिव्ह्यू, मग एकदम डन. दोन टेस्टर काय हवा खायला ठेवलेत का? 😀

आमच्याकडेही आधी असंच होतं, मग "टेस्टिंग" असा एक कॉलम आला, त्यात १५ कार्डं, आणि रोज स्टँडअपला (सकाळच्या छोट्या बैठकीला) मला प्रश्न, १५ कामं तुझ्याकडे अडकलीयत, काय चाललंय. अहो मी एका वेळी एकच बघते, बाकी १४ माझ्या दारात कोणीतरी आणून ठेवलीयत. शेवटी भांडून त्याचे दोन केले, "टेस्टिंगसाठी तयार" आणि "टेस्टिंग चालू". त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं की काम अडत नाहीये, रांगेत उभं आहे. रिव्ह्यूचंही तसंच करा. रांग आणि काम एका कॉलममधे कोंबलं की दोष कायम शेवटच्या माणसाच्या गळ्यात.

"ब्लॉक्ड" नावाचा कॉलम कोणी मागितला तर देऊ नका. कार्ड तिथे गेलं की ते रिव्ह्यूमधे अडलं होतं का टेस्टिंगमधे तेच कळत नाही, आणि तो कॉलम म्हणजे माळा होतो, वर टाकलं की विसरलं. कार्ड आहे तिथेच राहू दे, त्यावर लाल खूण आणि "कशासाठी थांबलंय" ही एक ओळ सक्तीची. माझ्या मते सक्तीचं फील्ड अख्ख्या टूलमधे हे एकच असावं.

आणि प्रत्येक कार्डावर ते या कॉलममधे किती दिवस आहे तो आकडा दाखवा. तारीख नको, दिवस. आमचं एक कार्ड रिव्ह्यूमधे १९ दिवस होतं, रोज सगळे त्याच्यावरून नजर फिरवत होते, त्यावर "तातडीचं" असं लेबलसुद्धा होतं. आकडा दिसायला लागला त्याच दिवशी दुपारी ते हललं, कारण १९ हा आकडा बघून ज्याच्या नावावर होतं त्यालाच लाज वाटली.

यापेक्षा जास्त फरक पडतो तो मर्यादेने. टोयोटामधे ताईची ओनो यांनी जी कानबान पद्धत बसवली, ज्यावरून हे सगळे बोर्ड आलेत, त्यात कार्ड म्हणजे यादी नव्हतीच मुळी. पुढच्या टप्प्याला माल लागला की तो मागच्या टप्प्याकडे कार्ड पाठवणार, कार्ड नाही तर बनवायचंच नाही. म्हणजे कार्ड हा एका अर्थी लगाम होता, आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी लगाम काढून टाकला आणि नुसती रंगीत कार्डं ठेवली. "चालू" मधे १२ कार्डं असतील आणि आठवड्याला सरासरी ३ संपत असतील तर एका कार्डाला सरासरी ४ आठवडे लागणार, हा साधा हिशोब आहे, लिटलचा नियम म्हणतात याला. माणसं तेवढीच, स्पीडही तोच ठेवून १२ ची ६ केलीत तर तेच कार्ड २ आठवड्यांत बाहेर. हे मी आमच्या मॅनेजरना सांगितलं तेव्हा ते म्हणाले मग बाकीचे लोक रिकामे बसतील ना. रिकामे बसतील तर माझी रांग कमी करायला येतील की!

---

रिकामा_कंस

ताई, टेस्टिंगच्या कॉलमबद्दल जाहीर माफी. आमच्या टेस्टरला हे पोस्ट दाखवलं, तिने काही न बोलता नुसतं माझ्याकडे बघितलं.

मर्यादा टूलने पाळायला लावावी का नुसती दाखवावी? म्हणजे ४ ची मर्यादा आहे आणि कोणी पाचवं टाकलं तर नाही म्हणायचं?

इंडेक्स दादा, कोलेशनचं खरोखर लिहून चिकटवलंय.

---

रिओपन_करते

नाही म्हणू नका. प्रॉडक्शन पडलेलं असताना टूल "मर्यादा ओलांडली" म्हणून अडवायला लागलं तर लोक पुन्हा चॅटमधे लिहायला लागतील, जिथून तुम्ही सुरुवात केली. कॉलमचं डोकं लाल करा, ५/४ असं लिहून, आणि गप्प बसा. स्टँडअपला लाल कॉलमवरच बोलायचं.

---

पोलिंगवाला

वेबसॉकेटवर कोणी बोललंच नाही अजून, मी बोलतो, आणि बरेच जण चिडतील.

११ माणसांना वेबसॉकेट लागत नाही. दर ५ सेकंदांनी "माझ्याकडे बोर्डाचं ४१२ नंबरचं व्हर्जन आहे, पुढचं काही आहे का" असं विचार (पोलिंग म्हणतात याला), नसेल तर सर्व्हर रिकामं उत्तर देतो. ११ जण दर ५ सेकंदांनी म्हणजे सेकंदाला दोन-अडीच रिक्वेस्ट, एवढं तर कुठलंही जुनं मशीन झोपेत करतं. लगेच दिसायलाच हवं असेल तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स घे, एकाच दिशेचं आहे, साधं एचटीटीपी आहे, तुटलं तर ब्राउझर आपणहून परत जोडतो. एकच खड्डा, जुन्या एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका साइटला सहाच कनेक्शन देतात आणि तुमची माणसं प्रत्येक कार्ड नव्या टॅबमधे उघडणार. सातवा टॅब नुसता गोल-गोल फिरत राहतो आणि तू सर्व्हरचा लॉग शोधत बसतोस ज्यात काहीच नसतं कारण रिक्वेस्ट पोचलेलीच नाही. एचटीटीपी २ लावलं की हा त्रास जातो.

खरी मेख त्या व्हर्जन नंबरात आहे. मी आधी काय केलं, बदलांचं एक टेबल, त्याला पोस्टग्रेसचा चढता आयडी, ब्राउझर विचारणार १०५ च्या पुढचं दे. आठवड्यातून एखादं कार्ड एखाद्याच्याच स्क्रीनवर हलायचं नाही, रिफ्रेश केलं की बरोबर. कारण काय तर आयडी मिळतो इन्सर्ट करताना, पण बाकीच्यांना दिसतं कमिट, म्हणजे बदल पक्का, झाल्यावर. १०४ वाला ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) जरा रेंगाळला, १०५ वाला आधी कमिट झाला, ब्राउझरने १०५ बघितलं आणि तो पुढे गेला, मग १०४ आला पण त्याला आता विचारणारं कोणी नाही. बोर्डाच्या रो मधेच एक व्हर्जनचा आकडा ठेव आणि प्रत्येक बदलात त्याच ट्रान्झॅक्शनमधे तो एकने वाढव. ती रो लॉक होते, त्यामुळे एका बोर्डावरचे बदल एकामागून एक होतात. हजारो माणसांना हे जड जाईल, ११ जणांना काय फरक पडतोय. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीलाच ती रो धर, म्हणजे डेडलॉकचाही प्रश्न जवळपास तिथेच मिटतो.

पोस्टग्रेसचं नोटिफाय (बदल झाला की कळवणारी सोय) वापरणार असशील तर त्यात अख्खं कार्ड कोंबू नकोस, ८००० बाइट्सच्या आत बसावं लागतं, एखाद्याने लांबलचक वर्णन लिहिलं की फुटेल. नुसता कार्डाचा आयडी पाठव.

कार्ड सोडल्या सोडल्या स्क्रीनवर हलव, सर्व्हरची वाट बघू नकोस, पण सर्व्हर नाही म्हणाला तर परत नेताना दोन शब्द सांग का ते. तुमच्या प्लॅनिंगमधे लोक चिडले ते कार्ड परत गेलं म्हणून नसतील, गपचूप गेलं म्हणून असतील. आणि माझ्या हातात कार्ड धरलेलं असताना दुसऱ्याचे बदल स्क्रीनवर लावू नकोस, थोपवून ठेव, सोडलं की लाव. मी एक कार्ड "रिव्ह्यू" च्या तिसऱ्या जागी सोडायला गेलो आणि सोडायच्या क्षणी खालची यादीच सरकली, हे एकदा झालं की माणूस त्या टूलवर कायमचा संशय घेतो.

कार्ड सेव्ह करताना फक्त बदललेलं फील्ड पाठव. माझ्या पहिल्या आवृत्तीत अख्खं कार्ड जायचं. एकाने सकाळी कार्ड उघडून ठेवलं, जेवून आला, त्यात एक कॉमा दुरुस्त केला आणि सेव्ह केलं. मधल्या वेळात दुसऱ्याने नाव, नेमलेला माणूस, अंदाज, सगळं बदललं होतं. सगळं सकाळचं परत आलं. वर्णनासारख्या मोठ्या फील्डला व्हर्जन तपास, जुळलं नाही तर ४०९ (बदल एकमेकांवर आपटले असा एरर) दे आणि दोन्ही मजकूर दाखव.

---

टॅब_टॅब_एंटर

छोटंसं. सगळे ड्रॅगवरच बोलतायत. मनगटाच्या दुखण्यामुळे मी सहा महिने माउस धरू शकत नव्हतो, तेव्हा कळलं की कित्येक बोर्ड कीबोर्डवर चालतच नाहीत. प्रत्येक कार्डावर एक "हलवा" मेन्यू द्या, कॉलम निवडा, वर का खाली निवडा, झालं. डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे नियम, जे २०२३ मधे आले, त्यात तर हा नियमच आहे, जे ओढून होतं ते न ओढता साध्या क्लिकनेही झालं पाहिजे, डबल ए लेव्हलला. मोबाइलवरही तोच मेन्यू कामी येतो, तिथे कार्ड ओढायला जावं तर पान सरकतं आणि पान सरकवायला जावं तर कार्ड उचललं जातं.

आणि १८० कार्डांच्या बॅकलॉगमधे तळातलं कार्ड सगळ्यात वर ओढून नेणं हा माउसवाल्यांनाही छळच आहे.

---

जुनं_खोड

ऐकणार नाहीस म्हटलं होतंच. बरं, आता करतोच आहेस तर दोन गोष्टी ऐक.

हालचालींचा इतिहास पहिल्या दिवसापासून साठव. कोणतं कार्ड, कुठून कुठे, कोणी, कधी, वेळ यूटीसीमधे (जागतिक प्रमाणवेळेत), आणि त्या टेबलात फक्त भर घालायची, काही बदलायचं नाही, पुसायचं नाही. ताईंचा तो १९ दिवसांचा आकडा यातूनच येणार, आणि रिओपन किती वेळा झालं तेही. चार्ट नंतर कधीही काढता येतो, इतिहास मागाहून तयार करता येत नाही. कार्डाचा नंबरही तसाच जप. एकदा ४१ नंबर दिला की कार्ड पुसलं तरी तो नंबर दुसऱ्याला नाही, कारण तो कमिट मेसेजमधे, ब्रँचच्या नावात, कोणाच्या तरी मेलमधे जाऊन बसलेला असतो. आणि "सगळ्यात मोठा नंबर अधिक एक" असं काढू नकोस, दोघांनी एकदम कार्ड टाकलं की दोघांनाही तोच मिळतो.

दुसरं, गिट (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) जोडणार असशीलच. गिटहबचा वेबहूक (काही घडलं की तुझ्या सर्व्हरला येणारा निरोप) १० सेकंदांत उत्तर मागतो, नाही मिळालं तर ती डिलिव्हरी फेल धरतो आणि आपणहून परत पाठवत नाही. तेव्हा आला की सही तपास, टेबलात टाक, २०० (म्हणजे मिळालं) दे, बाकीचं काम मागून कर. तोच वेबहूक हाताने पुन्हा पाठवता येतो, म्हणून डिलिव्हरीचा आयडी साठवून दुसऱ्यांदा आला तर सोडून दे. आणि पीआर (कोडमधे बदल घेण्याची विनंती) मर्ज झाला की कार्ड आपोआप "डन" मधे टाकायचा मोह होईल. टाकू नकोस. मर्ज म्हणजे मर्ज. आमच्याकडे ते लावलं होतं, ग्राहकाला सांगून मोकळे झाले की झालंय, आणि डिप्लॉय (कोड प्रत्यक्ष वापरात जाणं) चार दिवसांनी होतं. "टेस्टिंगसाठी तयार" मधे टाक, ताई बघतील.

आणि प्रत्येकाने किती कार्डं संपवली याचा चार्ट कोणी मागितला तर टूलमधे ते जमत नाही असं सांग. खोटं बोल. मी काढून दिला होता. पुढच्याच आठवड्यात एका कामाची पाच कार्डं व्हायला लागली, "बटणाचा रंग", "बटणाचा मजकूर", "बटणाची टेस्ट"...

---

रिओपन_करते

"बटणाची टेस्ट" हे कार्ड डेव्हलपरच्या नावावर होतं का? मग तो चार्ट मला चालेल.

---

रिकामा_कंस

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, वाचणाऱ्यांच्या कामी येईल म्हणून.

अक्षरांच्या किल्ल्या लावल्या, "सी" कोलेशनसकट. ब्राउझर आता फक्त शेजारच्या कार्डाचा आयडी पाठवतो. बोर्डाच्या रो वरचं व्हर्जनही केलं, लॉगमधे डेडलॉक तेव्हापासून एकही नाही. वेबसॉकेटचं अर्धवट कोड होतं ते काढून टाकलं, पुसताना जीव तुटला पण ५ सेकंदांचं पोलिंग लावलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

स्टेटसचं वेगळं टेबल करताना एक गंमत झाली. जुन्या टेक्स्ट कॉलममधे "डन" तीन प्रकारे निघालं, एकात मागे स्पेस होती, एक रोमनमधे लिहिलेलं. म्हणजे ती कार्डं बोर्डावर कुठेच दिसत नव्हती आणि मला वाटत होतं लोकांनी पुसली. अशी ७ कार्डं मिळाली, त्यातल्या दोनांवर काम झालेलंच नव्हतं.

"हलवा" मेन्यू मी नाइलाजाने केला होता, आता मीच तो जास्त वापरतो, ड्रॅग क्वचित. "टेस्टिंगसाठी तयार" चा कॉलम टाकला त्या दिवशी त्यात ९ कार्डं गेली आणि मर्यादा ४ ठेवलीये, त्यामुळे डोकं अजून लालच आहे, पण काल आमचे दोन डेव्हलपर कोणी न सांगता टेस्टरच्या शेजारी खुर्च्या ओढून बसले.

सक्तीचं फील्ड एकच, थांबण्याचं कारण. पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यात नुसती टिंबं भरली. त्यावर काय करू ते सुचलेलं नाही.

---

जुनं_खोड

आणि अटॅचमेंट?

---

रिकामा_कंस

काल मागितलं.